पाणबुडीचं वजन ७६९ टाकू का ८७१? टाक्या फुल भरल्या तरी बुडूनच नाही राहिली

पाणबुड्या_दारव्हा

राजेहो, दोन हप्त्यांपासून डोक्याचं पार भजं झालं, कोणाले समजत असन तं सांगा. मी एका नेव्हल सिम्युलेशन गेमसाठी मॉड (गेममध्ये आपण स्वतः केलेला बदल) बनवून राहिलो, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप ७-सी पाणबुडी. गेमचं नाव मुद्दाम टाकत नाही, मागच्या वेळी टाकलं तं निम्मा धागा हा गेम भंगार अन् तो गेम भारी याच्यातच गेला.

गेममधली मूळची पाणबुडी लय खोटी वाटते. बटण दाबलं की खाली, सोडलं की थांबली, इंजिन बंद, स्पीड शून्य, तरी ६० मीटरवर जशीच्या तशी उभी, एक सेंटिमीटर इकडं नाही का तिकडं नाही. मले वाटलं आपण नीट करू. मॉडच्या फाईलीत वजन टाकता येते, बुडायसाठी ज्याच्यात समुद्राचं पाणी घेतात त्या टाक्यांची कपॅसिटी टाकता येते, अन् उचल म्हणजे बॉयन्सी गेम स्वतःच थ्रीडी मॉडेलवरून काढते, जितका भाग पाण्याखाली तितक्या पाण्याचं वजन. मॉडेल मी ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जुन्या ड्रॉइंगवरून बनवलं, लांबी ६७.१ मीटर, रुंदी ६.२, कोनिंग टॉवर (डेकवरचा बुरूज) गिवर सगळं धरून व्हॉल्यूम आला १०४४ घनमीटर.

आता जिथं पाहा तिथं लिहून हाय की पाण्यावर ७६९ टन अन् पाण्याखाली ८७१ टन. म्हणून रिकामं वजन ७६९ टाकलं, टाक्या १०२ टनाच्या केल्या. टाक्या काठोकाठ भरल्या तरी बाई बुडतच नाही, डेक वर काढून आरामात तरंगते. मंग वजन वाढवत नेलं, रिकामं ९६८ केलं तवा कुठं खाली गेली, पण आता टाक्या रिकाम्या करून वर आणली की डेकवर लाटा चढतात अन् एकदम मेल्यावानी चालते.

एकाच बोटीचे दोन वजन कसे काय राहतात? अन् एका साइटवर ७५७ अन् ८५७ हाय, ते कोणतं? यातलं फाईलीत टाकू कोणतं? आमच्याकडं शेतीची लाईन रात्री येते, मोटर चालू करून मंगच लॅपटॉपवर बसतो, तं रिप्लाय उशिरा आला तं समजून घ्या.

वरूडचा_मेकॅनिकल

भाऊ तुझं मॉडेल बरोबर आहे अन् पुस्तकातले आकडेही बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजून राहिले. ७-सी चे दोन नाही, तीन आकडे असतात, ७६९, ८७१ अन् १०७०. तिसरा बहुतेक जण लिहीतच नाहीत. तुझे १०४४ घनमीटर गुणिले १.०२५ करून पाय, समुद्राचं पाणी घनमीटरला १०२५ किलोच्या आसपास असते, उत्तर बरोबर १०७० येते. म्हणजे मॉडेल झकास बनवलं तू.

७६९ म्हणजे डाइव्हच्या टाक्या रिकाम्या, पण बाकी सगळं, डिझेल, टॉर्पेडो, माणसं, किराणा भरलेला, अशी बोट तरंगताना जेवढं पाणी बाजूला सारते त्या पाण्याचं वजन. तरंगणाऱ्या गोष्टीचं वजन तेवढंच असते, म्हणून हेच बोटीचं वजन धर. डाइव्ह मारायच्या वेळी टाक्यांत १०२ टन समुद्र आत घेतला की ८७१. इथपर्यंत तुलाही माहीत होतं.

आता मुद्दा हा की बाहेरून जी पाणबुडी दिसते ती सगळी पाणबुडी नसतेच. आत एक पोलादी नळा असते, साडेअठरा मिलिमीटर जाड पत्रा, मधात व्यास ४.७ मीटर, त्याला प्रेशर हल म्हणतात, माणसं अन् इंजिन त्यात. त्याच्या दोन्ही बगलेला फुगीर टाक्या. अन् वरचा डेक, पुढचं टोकदार नाक, शेपटीकडचा भाग, टॉवरच्या भोवतीचं कवच, हे सारं पातळ पत्र्याचं, नुसतं पाणी कापायला अन् माणसाला चालायला. त्याला ओळीनं भोकं असतात अन् त्यातून समुद्र मोकळा आत-बाहेर होते. त्या जागेची उचल शून्य. १०७० मधून ८७१ काढले तर १९९ टन उरतात, तेवढं पाणी त्या पत्र्याच्या आत बसलेलं असते. तुझा गेम त्या जागेतही हवा आहे असं समजून १९९ टनाची फुकटची उचल देऊन राहिला, म्हणून बुडत नाही. अन् तू रिकामं ९६८ केलं म्हणजे नेमके तेच १९९ टन लोखंड म्हणून आत कोंबले. पाण्याखाली जमलं, पण पाण्यावर आल्यावर ते वजन कुठं जाणार, म्हणून डेकवर लाटा.

वजन ७६९ च ठेव. मॉडेलचे तुकडे पाड, प्रेशर हल एक, टाक्या एक, बाकी पातळ कवच एक, अन् कवचाला उचल देऊच नको, फक्त दिसण्यापुरतं अन् पाण्याच्या अडथळ्यापुरतं ठेव. पहिल्या दोघांचं मिळून व्हॉल्यूम ८५० घनमीटर यायला पाहिजे, ८७१ भागिले १.०२५. गेम एकच मेश, म्हणजे सलग एकच मॉडेल, घेत असेल तर उचलीला ०.८१ नं गुणायचं जुगाड आहे पण ते पाण्याखालीच चालते, वर आल्यावर वॉटरलाइन, म्हणजे पाणी बोटीला जिथवर लागते ती रेघ, चुकते, कारण भोकाचा पत्रा बराचसा वर अन् टोकांना आहे, सगळीकडं सारखा पसरलेला नाही. तपासायला ड्राफ्ट, म्हणजे तरंगताना बोट किती खोल बुडते ते, पाय, खऱ्या बोटीचा ४.७४ मीटर होता.

७५७ अन् ८५७ चा काही वाद नाही, तो १०१६ किलोचा इंग्रजी लाँग टन आहे. १.०१६ नं गुण, तेच आकडे येतात.

हो अन् एक राहिलंच. ते १९९ टन पाणी वजनात धरायचं नाही, पण मासमध्ये, म्हणजे बोट हलवायला-थांबवायला जो जडपणा लागते त्यात, धरायचं. विहिरीतून बादली काढतो तवा बादली पाण्यात असेपर्यंत हाताला जड लागत नाही, पण पाण्यातल्या पाण्यात तिला जोरात झटका मारून पाय, लगेच समजते आत किती माल आहे. तसंच बोट वेग घेताना, वळताना, थांबताना ते सगळं पाणी सोबत ओढावं लागते. म्हणून उचल काढताना ८७१ अन् हालचाल काढताना १०७०. त्याच्याही वर अ‍ॅडेड मास, म्हणजे बोटीच्या बाहेरचं जे पाणी तिच्यासोबत ढकललं जाते ते. गोल नळा आडवा किंवा वर-खाली हलवला तर जवळपास त्यानं सारलेल्या पाण्याइतकंच आणखी धरावं लागते, सरळ पुढं जाताना मात्र थोडंसंच. बहुतेक गेमवाले हे धरत नाहीत अन् म्हणून पाणबुडी खेळण्यातली वाटते.

बे_जाऊ_दे

बे भाऊ तू गेम खेळाले बसला का एमपीएससी द्याले. मले तं पेरिस्कोप दिसला, जहाज दिसलं, टॉर्पेडो सोडला, झालं. भोकातल्या पाण्याचं वजन कोण पाहून राहिलं तिथं. अन् टनाचा इतकाच पुळका असन तं ते जहाजं पाहा ना, मी रात्री ७००० टनाचं बुडवलं, दोन टॉर्पेडोत, तुमची अख्खी पाणबुडी ७६९ टनाची. काहीही दाखवते गेम.

वरूडचा_मेकॅनिकल

जहाजाचा तो टन वजनाचा नाहीच भाऊ. मालवाहू जहाजाचं ग्रॉस टनेज हे जागेचं माप होतं, १०० घनफूट म्हणजे एक टन, साधारण २.८३ घनमीटर. बुडवलेल्या जहाजांची सगळी मोजदाद त्यातच व्हायची. ७००० टनाच्या जहाजाचं माल भरल्यावरचं वजन त्याहून पुष्कळ जास्त असते. अन् टॉर्पेडो काही जहाजाला वजनानं हरवत नाही, भोक पाडते अन् बाकीचं काम समुद्र करते.

नेव्हीवाले_काका_मोर्शी

बाळांनो, धागा वाचून फार बरं वाटलं. मी पाणबुडीवर नव्हतो, जहाजाच्या इंजिन रूममध्ये नोकरी काढली, पण विशाखापट्टणमला बरीच वर्षं होतो आणि पाणबुडीवाल्यांसोबत उठणं-बसणं होतं, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

त्या भोकांचं ज्याला डोळ्यांनी पाहायचं असेल त्यानं विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर जाऊन आयएनएस कुरसुरा बघावी. रशियन फॉक्सट्रॉट जातीची, १९६९ साली नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून तिथे म्युझियम करून ठेवली आहे. सगळे लोक तिकीट काढून धावत आत जातात, टॉर्पेडोसमोर फोटो काढतात आणि बाहेर येतात. आत जायच्या आधी बाहेर पाच मिनिटं उभं राहा. वरच्या डेकच्या खालच्या बाजूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्यांसारख्या चिरा दिसतील, रांगेनं. तिथे हात घालून पत्रा चाचपला तर कळतं हा पत्रा दाब सोसण्यासाठी नाहीच. एकदा गावाकडचे पाहुणे घेऊन गेलो होतो, त्यातल्या एकानं मला हळूच विचारलं की हे गंजून भोकं पडली का.

आता दुसरं. ७६९ आणि ८७१ यातला जो फरक आहे त्याला राखीव उचल म्हणतात, रिझर्व्ह बॉयन्सी. तुमच्या जर्मन बोटीची ती १३ टक्के होते. आपल्या जुन्या फॉक्सट्रॉटची, म्हणजे १९६७ साली आलेली पहिली कलवरी आणि तिच्या बहिणी, पाण्यावर साधारण १९५० टन आणि पाण्याखाली २४७५, म्हणजे जवळजवळ २७ टक्के. रशियन लोक दुहेरी हल, म्हणजे एकात एक दोन कवचं, करायचे, कुठे भोक पडलं तरी वर यायला हवं असा त्यांचा हिशोब. आणि माझगाव डॉकमध्ये बनलेली २०१७ ची नवी कलवरी, स्कॉर्पीन जातीची, तिची पाण्यावर सुमारे १६१५ आणि पाण्याखाली १७७५, दहाच टक्के. त्यामुळे गेममध्ये सगळ्या बोटींना एकच टक्केवारी लावली असेल तर ते चूक. रशियन बोट पाण्यावर उंच दिसली पाहिजे आणि टाक्या भरायला तिला जास्त पाणी घ्यावं लागलं पाहिजे.

आणि शून्य स्पीडला जागच्या जागी थांबणं. जमतं, पण जीव मेटाकुटीला येतो. त्या काळच्या बोटी पाण्याखाली शक्यतो थांबायच्याच नाहीत, दोन-तीन नॉटनं, म्हणजे माणसाच्या चालीनं, सरकत राहायच्या आणि पुढच्या-मागच्या हायड्रोप्लेननं, म्हणजे आडव्या पंखांनी, खोली धरायच्या. कारण बोटीचं वजन कधीच तेच राहत नाही. आचाऱ्यानं बटाट्याचं पोतं उघडलं, लोकांनी पाणी प्यायलं, कचरा फेकला, टॉर्पेडो सोडला, प्रत्येक वेळी काहीतरी बदललं. डिझेलचं तर उलटंच असतं. बाहेरच्या टाक्यांत डिझेल जसं संपतं तसं खालून समुद्राचं पाणी त्या जागी येतं आणि पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तेल जाळून बोट हलकी होण्याऐवजी जड होते. हे सगळं रोज वहीत मांडायचं, रोज ट्रिम डाइव्ह, म्हणजे तोल तपासायची बुडी, मारून बघायचं आणि ट्रिम टाक्यांत पाणी पुढे-मागे, आत-बाहेर करायचं. मोठ्या डाइव्हच्या टाक्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या, त्यांच्यानं बारीक तोल साधत नाहीत. अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीत पाणी हिंदकळतं आणि आहे तोही तोल जातो. गेममध्ये ट्रिमच्या टाक्या वेगळ्या आहेत का, ते आधी बघ.

पाणबुड्या_दारव्हा

काका नमस्कार, लय भारी माहिती देली तुमी. ट्रिमच्या टाक्या गेममध्ये नाहीत पण स्क्रिप्टनं दोन बनवता येतील, एक पुढं अन् एक मागं. मेकॅनिकल भाऊ, तुकडे पाडून पाह्यले, ८५० वर आणलं, टाक्या भरल्या की बरोबर बुडते अन् पाण्यावर ड्राफ्ट ४.८ दाखवते, म्हणजे जमलंच समजा.

पण आता नवं लफडं. १५ मीटरवर एकदम बरोबर तोल साधला, वजन अन् उचल सारखी, स्पीड शून्य. मंग प्लेननं १५० वर नेली अन् थांबवली, तरी जशीच्या तशी उभी. काका म्हणतात तसं काही होतच नाही. खोल गेल्यावर काही फरक पडाले पाहिजे का नाही?

अन् डिझेलचा नेमका आकडा किती धरू, हजार लिटरमागे?

वरूडचा_मेकॅनिकल

डिझेल लिटरला ०.८५ किलो धर, समुद्राचं पाणी १.०२५, म्हणजे हजार लिटर जाळलं अन् तेवढंच पाणी आत आलं की बोट १७५ किलोनं जड. फक्त बाहेरच्या टाक्यांना लाव हे. आत जी रोजच्या वापराची टाकी असते तिच्यात असं पाणी येत नाही.

खोलीचं मात्र मजेशीर आहे, मी काल संत्र्याच्या बागेत ठिबक पाहता पाहता मोबाईलवरच हिशोब केला. दर १० मीटरला एक बार, म्हणजे जवळपास वातावरणाइतका, दाब वाढते. २०० मीटरवर २० बार. त्या दाबानं प्रेशर हल दबते, म्हणजे खरोखर बारीक होते. ४.७ मीटर व्यास अन् १८.५ मिलिमीटर पत्रा धरून साधं नळ्याचं गणित केलं तर व्हॉल्यूममध्ये ०.२३ टक्क्याच्या आसपास घट येते. आतल्या हलचं व्हॉल्यूम साडेसहाशे-सातशे घनमीटर धरलं तर दीड घनमीटर गायब, म्हणजे दीड टन उचल गेली. फ्रेम, म्हणजे हलला आधार देणाऱ्या कड्या, धरल्या तर थोडं कमी येईल, हे ढोबळ आहे. दुसऱ्या बाजूनं पाणीही दबते अन् किंचित घट्ट होते, २० बारला ०.०९ टक्का, त्यानं पाऊण टन उचल परत मिळते. वजाबाकी करून बोट पाऊण ते एक टन जड. अन् हेच वांधं आहे, जितकी खाली जाते तितकी आणखी जड होते, म्हणून आणखी खाली जाते. वर सरकली तर उलट, हलकी होऊन वरच पळते. जागच्या जागी उभी राहायला तिला काही कारणच नाही.

८७१ टनात एक टन म्हणजे काहीच नाही असं वाटते, पण स्पीड शून्य असेल तर त्याला अडवणारं कोण? हालचालीचं मास १०७० अन् वर तेवढंच अ‍ॅडेड मास धरलं, दोन हजार टनाच्या वर, तर पहिल्या मिनिटात आठेक मीटर खाली जाईल, पाण्याचा अडथळा धरला तर थोडं कमी. हे खेळताना बरोबर जाणवण्याइतकं आहे अन् घाबरून जाण्याइतकं नाही. स्क्रिप्टमध्ये एकच ओळ टाक, दर १०० मीटरला अर्धा टन उचल कमी. बस.

खारटपणाचंही टाकता येईल. पाण्याची घनता घनमीटरमागे एक किलोनं बदलली की या बोटीची उचल ८५० किलोनं बदलते. बंगालच्या उपसागरात उत्तरेकडं गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी येऊन वरचा थर अरबी समुद्रापेक्षा बराच कमी खारट असते. लिटरमागे ५ ग्रॅम मीठ कमी झालं तरी घनता पावणेचार किलोच्या आसपास उतरते, म्हणजे तीन टनाहून जास्त उचल गेली, दोनशे मीटर खोल जाऊन जेवढी जात नाही त्याच्या तिप्पट. नदीच्या तोंडाशी बोट नेली अन् ट्रिम केलं नाही तर सरळ तळाला. गेममध्ये समुद्र सगळीकडं सारखाच खारट ठेवतात, ते मला सगळ्यात जास्त खटकते.

झाडीपट्टीचा_पोरगा

मी साकोलीचा, बारावीला हाओ, फिजिक्समधलं हेच चालू हाय आमचं. एक विचारतो. माझ्या गेमात २०० मीटरवर असलो तरी इमर्जन्सी ब्लो, म्हणजे दाबातली हवा सोडून टाक्यातलं पाणी एकदम बाहेर ढकलाचं बटण, दाबला की रॉकेट होते अन् हवेचा काटा जेमतेम थोडासा खाली येते. पी गुणिले व्ही, म्हणजे दाब गुणिले आकारमान, लावलं तं हे बसत नाही ना? २०० मीटरवर वातावरणाचा धरून २१ बार, १०० घनमीटरची टाकी रिकामी कराची तं २१०० घनमीटर साधी हवा लागन. पाण्यावर तेच काम शे-सव्वाशेत होते.

वरूडचा_मेकॅनिकल

एकदम बरोबर लावलं. म्हणून खोलवर कोणी पूर्ण टाकी उडवतच नाही. थोडीशी हवा सोडायची, बोट हलकी होऊन वर निघाली की दाब कमी होते, तीच हवा फुगते अन् उरलेलं पाणी स्वतःच ढकलते, जास्तीची हवा खालच्या भोकातून बुडबुडे होऊन जाते. मॉडमध्ये हवेचं वजन मोजायचं, व्हॉल्यूम नाही, अन् दर सेकंदाला दाबावरून व्हॉल्यूम काढायचा. अन् जर्मन लोक तर हवा वाचवायला टॉवर पाण्याबाहेर आला की उरलेल्या टाक्या डिझेल इंजिनच्या धुरानं रिकाम्या करत. ते दाखवलं तर मजा येईल, पाण्यावर आल्यावर लगेच वेगानं पळता नाही आलं पाहिजे.

नेव्हीवाले_काका_मोर्शी

त्या ब्लोच्या बटणावर फार भरवसा नको, बाळ. अमेरिकेची अणुपाणबुडी थ्रेशर १० एप्रिल १९६३ ला खोल डाइव्हच्या चाचणीत बुडाली, १२९ माणसं होती. आत कुठेतरी पाणी शिरलं आणि रिअ‍ॅक्टर बंद पडला, असा चौकशीचा निष्कर्ष. त्यांनी ब्लो केला होता. पण जोरात सुटलेली हवा एकदम थंड होते आणि हवेतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन हवेच्या नळीतल्या जाळ्या बुजल्या असाव्यात, हे नंतर त्याच जातीच्या दुसऱ्या बोटीवर धक्क्याला बांधून केलेल्या चाचणीत दिसलं. त्यानंतर त्यांनी सुरक्षेची सगळी पद्धतच बदलली, नवीला सबसेफ नाव दिलं. गेममध्ये ब्लो कधी कधी फसला पाहिजे, म्हणजे खेळणारा ट्रिम शिकेल.

बे_जाऊ_दे

काका तुमी सांगता तं ऐकासं वाटते नाईतं मी कवाच पळालो असतो. बरं मले एक सांगा कोणी, सिनेमात पाहतो तं डाइव्ह मारताना सगळे जण नाकाकडं पळत सुटतात, हे खरं हाय का नुसता फिल्मीपणा?

वरूडचा_मेकॅनिकल

खरं आहे अन् हिशोबातही बसते. ७-सी वर ४४ च्या वर माणसं असायची. समज ३० जण ७५ किलोचे, २० मीटर पुढं पळाले. सव्वादोन टन गुणिले २० म्हणजे ४५ टन-मीटर. पाण्याखाली बोट सरळ राहते ती वजनाचं केंद्र उचलीच्या केंद्राच्या खाली असते म्हणून, अन् ते अंतर फार नसते. समज ३० सेंटिमीटर धरलं तर ८७१ गुणिले ०.३, म्हणजे २६१. ४५ भागिले २६१, कोन जवळपास १० अंश. नुसत्या माणसांच्या पळण्यानं. क्रॅश डाइव्ह, म्हणजे घाईची बुडी, अर्ध्या मिनिटात आटपायचा तर हे १० अंश सोन्याच्या भावाचे. मॉडमध्ये क्रू फिरवता येत असेल तर नक्की टाक.

पाणबुड्या_दारव्हा

क्रू फिरवता येते, टाकतो. काल रात्री लाईन लवकर आली तं खोलीचं अन् डिझेलचं दोन्ही टाकून पाह्यलं. आता १५० मीटरवर थांबलो तं हळूहळू खाली सरकते, प्लेन द्या लागते, दोन नॉट ठेवा लागते, म्हणजे बॅटरी जळते, म्हणजे किती वेळ खाली राहाचं याचा हिशोब लागते. अख्खा गेमच बदलला राजेहो. ट्रिम टाकीत ८०० किलो बाहेर काढलं तं थांबली, पण मंग वर येताना हलकी होऊन सुसाट पळाली.

एकच राहिलं. भोकाच्या कवचाले उचल शून्य केली म्हणून पाण्याखाली बरोबर हाय, पण वर आली की झटकन ४.८ वर येऊन बसते. डेकखालचं पाणी गेलं कुठं? मेकॅनिकल भाऊच्या बादलीवानी पाण्याबाहेर आलं की त्याले वजन याले पाहिजे ना?

वरूडचा_मेकॅनिकल

येतेच. १९९ टनातलं वॉटरलाइनच्या खाली असलेलं तिथंच राहते, त्याला काही करू नको. वरचं, समज निम्मं, १०० टन, ते बोट वर निघताना डेकखाली अडकलेलं असते अन् जोपर्यंत वाहून जात नाही तोपर्यंत खरोखरचं वजन म्हणून धरायचं. अन् ते उंचावर असल्यामुळे तेवढा वेळ बोट डुलते जास्त, म्हणून खवळलेल्या समुद्रात वर येताना तोंड लाटेकडं ठेवणं बरं.

किती वेळ लागते ते भोकांवर. एक मीटर पाण्याची उंची असेल तर वेग ४.४ मीटर सेकंदाला, भोकाच्या कडेमुळे ०.६ नं गुणायचं, २.७ च्या आसपास. सगळी भोकं मिळून ३ चौरस मीटर धरली तर सुरवातीला सेकंदाला ८ घनमीटर जाते, पाणी उतरलं की वेग कमी होत जाते, १०० टन जायला २५ एक सेकंद. भोकांचं खरं क्षेत्रफळ तुझ्या ड्रॉइंगवरून मोज अन् पुढचं, मधलं, मागचं असे तीन कप्पे वेगळे ठेव. एकच कप्पा केला तर पाणी सगळीकडं एकदम उतरेल अन् नाक आधी वर येणं दिसणार नाही. उलट डाइव्हला हेच कप्पे भरायलाही वेळ घेतात, हवा वरून निघाल्याशिवाय पाणी शिरत नाही, तर तिथंही तेच सूत्र लाव, फक्त हवेच्या भोकांचं क्षेत्रफळ वेगळं टाक.